ख्रिस्ती माशाचं चिन्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीच्या मागच्या काचेवर, गळ्यातल्या साखळीत, कुणाच्या मनगटावर गोंदलेला असा दोन रेषांचा मासा दिसतो आणि मग प्रश्न येतात. निम्म्याहून अधिक प्रश्न वाळूत काढलेल्या अर्ध्या माशाच्या गोष्टीपासून सुरू होतात. ती गोष्ट प्रश्न ७ मध्ये आहे. तिथे थेट उडी मारू नका, एवढीच विनंती. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी या माशाबद्दल स्वतः जे लिहून ठेवलं आहे ते त्या गोष्टीहून कितीतरी खोल आहे.

१. हे चिन्ह नेमकं कशाचं आहे?

येशू ख्रिस्ताचं. माशाला ग्रीक भाषेत 'इख्थिस' म्हणतात आणि तेच या चिन्हाचंही नाव झालं. इ.स. २०० च्या आगेमागे भूमध्य समुद्राच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी त्याचे पुरावे मिळतात: इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, आजच्या तुर्कस्तानातला फ्रिजिया आणि रोम. इतक्या लांबलांबच्या गावांत ते एकाच सुमारास दिसतं, म्हणजे त्याची मुळं त्याआधीची असणार.

२. 'इक्थिस', 'इख्थिस', 'इख्थुस', 'आयक्थिस' यांतलं बरोबर काय?

'आयक्थिस' हा इंग्रजी वळणाचा उच्चार आहे, तो सोडून द्या. प्राचीन ग्रीकमधली दुसरी आणि तिसरी अक्षरं आपल्या ख आणि थ सारखी महाप्राण होती, तेव्हा देवनागरी इथे रोमन लिपीपेक्षा जवळची पडते. चौथं अक्षर, उप्सिलॉन, इ आणि उ यांच्या मधलं. ओठ उ चे करून इ म्हणून पाहा. आजचे ग्रीक लोक तिथे सरळ इ म्हणतात. इथे 'इख्थिस' वापरलं आहे, 'इख्थुस' लिहिलंत तरी चूक नाही.

३. त्या पाच अक्षरांत काय दडलं आहे?

'इख्थिस' हा शब्द ग्रीकमध्ये पाच अक्षरांत लिहितात: इओटा, खी, थीटा, उप्सिलॉन, सिग्मा. ही अनुक्रमे पाच शब्दांची आद्याक्षरं आहेत: 'इएसूस ख्रिस्तोस थेऊ हुइओस सोतेर', म्हणजे 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा'. ('हुइओस'मधला ह ग्रीकमध्ये वेगळं अक्षर म्हणून लिहीत नसत, म्हणून तिथे उप्सिलॉन येतो.)

इंद्रधनुष्याचे रंग लक्षात ठेवायला आपण शाळेत 'तानापिहिनिपाजा' घोकतो. त्या शब्दाला स्वतःचा अर्थ नसतो. इथे आद्याक्षरं जुळवली तर रोजच्या बाजारातला, रोजच्या ताटातला शब्द हाती येतो, आणि त्याच्या पोटात सगळा विश्वास बसलेला असतो.

या शब्दांचं त्या काळातलं वजनही ध्यानात घ्यायला हवं. रोमन सम्राट ऑगस्टसच्या नाण्यांवर 'दैवी पुरुषाचा पुत्र' हे बिरुद लॅटिनमध्ये असे. पूर्वेकडच्या ग्रीक शिलालेखांत सम्राटाला 'देवाचा पुत्र' आणि 'सोतेर'ही म्हटलेलं सापडतं. क्रूसावर मारल्या गेलेल्या एका गालीलकराला हीच बिरुदं लावणं ही साधी गोष्ट नव्हती.

४. पण मासाच का? कोकरू, कबूतर, मेंढपाळ असं बरंच काही होतं ना?

तेही सगळं होतंच आणि वापरातही होतं. माशात मात्र बऱ्याच आठवणी एकत्र आल्या.

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या बायबलमधल्या चरित्रांत, मासळीचा वास सतत येतो. पेत्र, आंद्रिया, याकोब आणि योहान हे जाळी टाकणारे. येशू त्यांना 'माणसं धरणारे' करीन म्हणतो (मत्तय ४:१९). पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजारांना पुरतात. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो (लूक २४), आणि तिबिर्या तळ्याच्या काठावर पहाटे कोळशाच्या विस्तवावर मासळी ठेवून त्यांची वाट पाहतो (योहान २१). वसई-उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांना हा शेवटचा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही: रात्रभर रिकामं जाळं, मग पहाटेची किनाऱ्यावरची हाक.

इथे एक बारीक पण गोड गोष्ट आहे. योहान पाच भाकरींच्या प्रसंगात 'इख्थिस' हा शब्द वापरतच नाही. तो 'ऑप्सारिऑन' म्हणतो, म्हणजे भाकरीबरोबर तोंडी लावायची मासळी. आपल्याकडे भाकरीसोबत सुकट असते तसंच. गरिबाच्या शिदोरीतलं ते तोंडीलावणं होतं. पुढे ख्रिस्ती चित्रांत भाकरी आणि मासा ही जोडी प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीची, खूण झाली. रोममध्ये कॅलिक्स्टसच्या दफनभूमीत, लुसिनाच्या खोल्यांमध्ये एका भिंतीवर मासा आहे, त्याच्यापुढे भाकरींची टोपली, आणि टोपलीत लाल काहीतरी भरलेला काचेचा पेला दिसतो.

दुसरी आठवण पाण्याची. कार्थेजचे ख्रिस्ती लेखक तर्तुलियन यांनी इ.स. २०० च्या सुमारास बाप्तिस्म्यावर, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याच्या विधीवर, एक पुस्तिका लिहिली. एक बाई बाप्तिस्म्याची गरजच नाही असं शिकवत फिरत होती, तिला हे उत्तर होतं. ते म्हणतात: आम्ही लहान मासे, आमच्या 'इख्थिस' येशू ख्रिस्ताप्रमाणे पाण्यातच जन्मतो आणि पाण्यात राहिलो तरच वाचतो. मग त्या बाईबद्दल लिहितात की माशांना मारायची रीत तिला नीट ठाऊक होती, पाण्याबाहेर काढायचं! मला या सगळ्या साहित्यातलं हे सर्वांत जिवंत वाक्य वाटतं. आणि मराठीत 'तारणारा' या शब्दातच तरणं आहे, हा योगायोगही मला फार आवडतो.

५. सर्वांत जुना लेखी पुरावा कोणता?

नेमका एक सांगता येत नाही, तिघे जवळजवळ एकाच काळातले आहेत. तर्तुलियन वर आलेच. अबेर्किउस यांचा शिलालेख पुढच्या प्रश्नात आहे. तिसरे अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती शिक्षक क्लेमेंट.

त्या काळी अंगठी हा दागिना कमी आणि शिक्का जास्त होता, पत्रं आणि पेट्या तिनेच मोहोरबंद करत. ख्रिस्ती माणसाने अंगठीवर काय कोरावं, असा प्रश्न होता. क्लेमेंट सांगतात: कबूतर, मासा, वाऱ्यावर चाललेलं जहाज, तंतुवाद्य किंवा जहाजाचा नांगर. मूर्तींचे चेहरे नकोत, शांतीच्या मार्गावर चालणाऱ्यांना तलवार किंवा धनुष्य नको, संयमाने राहणाऱ्यांना मद्याचे पेले नकोत. कुणी मासे धरणारा माणूस कोरला तर त्याने प्रेषिताची आणि पाण्यातून वर काढलेल्या बालकांची आठवण ठेवावी.

माशाचा अर्थ ते सांगत नाहीत. ही सगळी चित्रं बाजारात कुणालाही मिळणारी होती. चित्र तेच राहिलं, पाहणाऱ्याची नजर बदलली.

६. अबेर्किउस कोण? त्यांच्या शिलालेखाचं एवढं महत्त्व का?

फ्रिजियातल्या हिएरोपोलिस गावचे बिशप. वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांनी जिवंतपणीच स्वतःच्या थडग्यासाठी कविता लिहवून घेतली. तिचा मजकूर एका जुन्या चरित्रातून माहीत होता, पण तो चरित्रकाराने रचला असावा असा संशय होता. १८८३ साली स्कॉटिश संशोधक विल्यम रॅमसे यांना त्या गावाजवळ दगडाचे तुकडेच सापडले आणि संशय मिटला. ते आता व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहेत.

काळ कसा ठरला तेही रंजक आहे. अलेक्झांडर नावाच्या दुसऱ्या कुणाचं थडगं त्याच भागात मिळालं होतं. त्याने अबेर्किउस यांच्या ओळी उचलून फक्त नाव बदललं, इतक्या घाईने की नाव वृत्तात बसतही नाही. त्या थडग्यावर इ.स. २१६ शी जुळणारं साल आहे. नक्कल २१६ ची, तेव्हा मूळ त्याआधीचं.

कवितेत अबेर्किउस आपला प्रवास सांगतात. रोम पाहिलं, सिरिया पाहिला, युफ्रेटिस ओलांडून निसिबिसपर्यंत गेलो. सगळीकडे विश्वास वाट दाखवत पुढे चालत होता आणि त्याने सगळीकडे मला अन्न म्हणून मासा वाढला, झऱ्यातला, फार मोठा, निर्मळ, एका पवित्र कुमारीने धरलेला. सोबत उत्तम द्राक्षारस आणि भाकर. शेवटी ते म्हणतात, ज्याला हे कळतं त्या प्रत्येकाने अबेर्किउससाठी प्रार्थना करावी.

हजारो मैलांवर, अनोळखी घरांत, तेच अन्न त्यांना मिळत गेलं. म्हातारपणी सांगण्यासारखी गोष्ट म्हणून त्यांनी हीच निवडली. ती कुमारी म्हणजे मरिया की ख्रिस्तसभा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. १८९० च्या दशकात काही विद्वानांनी हा लेख ख्रिस्ती नाहीच असंही मांडलं होतं. आज ते मत फारसं कुणी धरत नाही.

७. छळाच्या काळात एक जण वाळूत अर्धा मासा काढायचा आणि दुसरा पूर्ण करायचा, हे खरं ना?

याला एकही प्राचीन पुरावा नाही. पहिल्या तीन शतकांतल्या कुठल्याही ख्रिस्ती लेखकाने, कुठल्याही रोमन अधिकाऱ्याने, कुठल्याही हुतात्म्याच्या खटल्याच्या नोंदीने असा प्रकार सांगितलेला नाही. वाळूत मासा काढण्याचं दृश्य जगभर पोचलं ते १८९६ साली पुस्तकरूपाने आलेल्या एका पोलिश कादंबरीमुळे. नीरोच्या रोममधल्या त्या कथेत नायिका वाळूत मासा रेखाटते.

'आम्हाला रविवारच्या शाळेत तर हेच शिकवलं होतं', असं अनेक जण हिरमुसून सांगतात. मलाही लहानपणी तेच शिकवलं गेलं आणि ते सोडताना वाईट वाटलं होतं. पण जे हाती उरतं ते पाहा. परवलीचा शब्द लपवण्यासाठी असतो. हा मासा थडग्याच्या दगडावर कोरलेला आहे, सहज दिसेल असा. आणि सुरुवातीच्या कोरीव माशांना बहुधा डोळा, पर, खवले असतात. दोन कमानींची आजची सुटसुटीत आकृती मुख्यतः आधुनिक आहे. (प्रश्न १७ पाहा.)

८. पण ते भुयारांत लपून उपासना करायचे, तिथल्या भिंतींवरच मासे आहेत ना?

मासे आहेत. लपणं मात्र नंतरच्या कल्पनेतलं. ती भुयारं म्हणजे दफनभूमी. रोममध्ये शहराच्या आत पुरायला कायद्याने बंदी होती, म्हणून वेशीबाहेर मऊ ज्वालामुखी खडकात खोदत गेले. शासनाला ती ठाऊक होती. इ.स. २५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने ख्रिस्ती लोकांना दफनभूमींत जमायला मनाई केली आणि २५८ मध्ये पोप दुसरे सिक्स्टस यांना दफनभूमीतच पकडून ठार मारलं. छळ खरा होता, माणसं खरोखर मेली. पण तिथे माशाचं काम लपवण्याचं नव्हतं. आपल्या माणसाला जिथे निजवलं तिथे त्याच्या आशेची खूण ठेवायची, एवढंच.

९. मग सुरुवातीला क्रूस का नाही?

क्रूस ही चालू शिक्षा होती. गुलामांना, बंडखोरांना रस्त्याकडेला खिळत, आणि ते पाहिलेली माणसं जिवंत होती. विश्वासात क्रूस पहिल्यापासून आहे. इ.स. २०० च्या आसपासच्या काही हस्तलिखितांत 'क्रूस' या शब्दातली दोन ग्रीक अक्षरं एकमेकांत गुंफून खांबावरच्या माणसासारखी आकृती केलेली दिसते. उघड चित्रांत मात्र क्रूस ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइननंतर, चौथ्या शतकापासून वाढत गेला. रोमच्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावरचं क्रूसारोहण पाचव्या शतकातलं आहे.

१०. आधी चित्र आलं की आधी अक्षरांचा अर्थ?

अभ्यासकांचा हा जुना वाद आहे. क्लेमेंट चित्राबद्दल बोलतात, अक्षरांबद्दल अवाक्षर नाही. तर्तुलियन लॅटिन लिहिता लिहिता मध्येच ग्रीक शब्द घालतात, तेव्हा वाचकाला तो परिचित असावा. अक्षरं फोडून उघड सांगणारे स्पष्ट लेखन चौथ्या शतकातलं, मिलेव्हिसचे बिशप ऑप्टाटस यांचं. माझा कल असा: पाणी आणि भाकरीच्या आठवणींतून मासा आधीच प्रिय झाला असावा आणि अक्षरांनी त्यावर मोहोर उठवली.

११. 'सिबिलाच्या भविष्यवाणीत' हे नाव आधीच होतं म्हणतात, ते काय?

सिबिला म्हणजे ग्रीक-रोमन जगातली भविष्य सांगणारी स्त्री. तिच्या नावावरच्या संग्रहाच्या आठव्या भागात एक कविता आहे. तिच्या ओळींची पहिली अक्षरं जोडली की प्रश्न ३ मधले पाच शब्द निघतात, आणि शेवटी 'क्रूस'ही. संत ऑगस्टीन यांना ती फ्लाक्कियानस नावाच्या अधिकाऱ्याने ग्रीक पोथीत दाखवली. त्यांनी दिलेल्या पाठात २७ ओळी आहेत, 'क्रूस' वगळून. २७ म्हणजे तीनचा घन, हेही ते आवर्जून सांगतात. माशाचा अर्थ सांगताना त्यांनी लिहिलं: खोल पाण्यात जिवंत राहावं तसा ख्रिस्त या मर्त्यपणाच्या खोल डोहात पापाविना जिवंत राहिला. कविता मात्र ख्रिस्तपूर्व नाही, ती ख्रिस्ती हातांनीच रचलेली आहे.

१२. योहान २१ मधल्या १५३ माशांचा या चिन्हाशी संबंध आहे का?

थेट नाही. आकडा मात्र जुन्या लेखकांना सतावत राहिला. १ पासून १७ पर्यंतच्या संख्यांची बेरीज १५३ येते, करून पाहा. ऑगस्टीन यांनी १७ ला दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दानं असं फोडलं. चिन्ह या आकड्यातून निघालं असं ते कुठे म्हणत नाहीत.

१३. मत्स्यावताराशी काही नातं? आपल्याकडे मीनयुगलही शुभ मानतात.

ऐतिहासिक धागा दिसत नाही. मनूला पुरातून वाचवणाऱ्या माशाची कथा शतपथ ब्राह्मणात आहे, म्हणजे ख्रिस्ताच्या कितीतरी आधीची. मीनयुगल जैनांच्या अष्टमंगलात आहे, मासा पांड्य राजांच्या मुद्रेवर आहे. पाण्याच्या काठी राहणाऱ्या माणसांना मासा विपुलतेचा आणि तारणाचा वाटावा यात नवल नाही. पण इख्थिस ज्या खुंट्यांवर टांगलेला आहे त्या, म्हणजे ग्रीक शब्द, बाप्तिस्मा आणि गालीलची भाकर-मासळी, तिकडच्याच आहेत. भौगोलिकदृष्ट्या जवळचं उदाहरण सिरियातल्या अतार्गातिस देवीच्या तळ्यातले पवित्र मासे. तिथून उसनवारी झाली असं काहींनी सुचवलं, पण सिद्ध झालेलं नाही.

१४. तेव्हा मीन राशीचं युग सुरू झालं म्हणून मासा, हे बरोबर का?

नाही. ज्यांनी माशाबद्दल लिहिलं ते पाणी, अन्न आणि नाव सांगतात, तारे नाहीत. तर्तुलियन तर ज्योतिष्यांना मूर्तिपूजेच्या पापात धरतात.

१५. बिशपची उंच टोपी म्हणजे दागोन देवाचं माशाचं तोंड, असे फोटो फिरतात. खरं काय?

ती टोपी, म्हणजे मायटर, पश्चिमेत ११ व्या शतकाच्या सुमारास वापरात आली. आधी ती बुटकी होती, उंची शतकानुशतकं वाढत गेली. फोटोत शेजारी दाखवतात ती माशाची कातडी पांघरलेली आकृती अश्शूरी शिल्पांमधली, त्या टोपीहून दीड हजारांहून अधिक वर्षांनी जुनी. मधल्या काळात पूल नाही. ही जोडणी १९ व्या शतकातल्या पोपविरोधी लिखाणातून पसरली.

१६. जुन्या थडग्यावर मासा दिसला म्हणजे ते ख्रिस्तीच समजायचं का?

नाही, आणि इथे भलेभले चुकतात. रोमन लोकांना फरशीवर, भांड्यांवर मासे काढायची हौसच होती. माशाची सोबत पाहायची. जवळ नांगर, भाकरी, मेंढपाळ किंवा तीच पाच अक्षरं असतील तर बाजू भक्कम होते. नांगर हा आशेचा, 'जिवाचा नांगर' (इब्री ६:१९). पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातल्या लिविया प्रिमितिवाच्या शवपेटीवर मेंढपाळ, मासा आणि नांगर तिन्ही आहेत.

अवघड नमुना म्हणजे रोममध्ये व्हॅटिकन परिसरात मिळालेला लिसिनिया आमियासचा दगड, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यावर नांगर, दोन मासे आणि ग्रीकमध्ये 'जिवंतांचा मासा' असं कोरलं आहे. पण सगळ्यात वर पितरांच्या आत्म्यांना अर्पण करण्याची रोमन आद्याक्षरंही आहेत! दगड तसे तयार मिळत आणि घरच्या रिती एका रात्रीत सुटत नाहीत.

थडग्याबाहेरही मासे मिळतात. इस्राएलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात २००५ साली इ.स. २३० च्या सुमाराची नक्षीदार फरशी सापडली. मधोमध दोन मासे आहेत. शेजारच्या लेखात अकेप्तूस नावाची स्त्री 'देव येशू ख्रिस्त' याच्या स्मरणार्थ मेज अर्पण करते, आणि गायानस या रोमन शतपतीने खर्च दिल्याचीही नोंद आहे. लपूनछपून चालणाऱ्या गटाचं हे चित्र नव्हे.

१७. मग आजचा गाडीवरचा मासा कुठून आला?

१९७० च्या दशकातल्या अमेरिकेतून, तरुण ख्रिस्ती चळवळींमधून. त्यांना क्रूसापेक्षा वेगळी, चटकन काढता येणारी खूण हवी होती. पाय फुटलेला 'डार्विन मासा' हे त्याला उत्क्रांतीच्या बाजूने दिलेलं नंतरचं उत्तर.

१८. तुर्कस्तानातल्या एफेससला पाहिलेलं आठ आऱ्यांचं चाक हेही तेच का?

हो. पाचही अक्षरं एकमेकांवर ठेवली की वर्तुळ आणि आरे तयार होतात. संगमरवरावर तशी कोरलेली चाकं तिथे दाखवतात. मात्र प्रत्येक गोल चाक इख्थिस नसतं. रोमन लोक खेळासाठीही फरशीवर अशी वर्तुळं कोरत.

१९. शुक्रवारी मासे खाण्याची रीत यातूनच आली का?

नाही. ती मांस वर्ज्य करण्याच्या उपासातून आली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत तर बऱ्याच उपासांना मासाही चालत नाही.

२०. लॉकेटवर ही अक्षरं देवनागरीत कोरून घेतली तर?

येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा. आद्याक्षरं जोडली तर 'येख्रिदेपुता', आणि मासा निसटला. लॅटिनमध्येही तो निसटतो. तर्तुलियन यांनी म्हणूनच ग्रीक शब्द तसाच ठेवला. देवनागरीत हवं असेल तर 'इख्थिस' हा शब्द लिहा किंवा नुसता मासा काढा. ग्रीक अक्षरं कोरणार असाल तर सोनाराला क्रम प्रश्न ३ प्रमाणे कागदावर लिहून द्या. शेवटचा सिग्मा जुन्या दगडांवर अनेकदा अर्धचंद्रासारखा, इंग्रजी 'सी'च्या वळणाचा असतो. नमुन्याच्या फोटोत तसा दिसला तर सोनाराला तो 'दुरुस्त' करू देऊ नका.